एका कान्याचा फरक

मिस्त्रीबाबा कुणाच्याही घरी गेले की आधी चौकटीवर बोटाचं पेर वाजवत. दार सताड उघडं असलं तरी. कान तिरका करून आवाज ऐकत आणि मगच आत पाऊल टाकत. "ऐनाचं हाय, नातवंडांना पुरंल," असं म्हणाले की घरधनी सुखावे. आमची चौकट वाजवून मात्र ते आईला हळूच म्हणाले होते, "आंब्याचं हाय, सूनबाई. पावसात लक्ष ठेव." खालापूरच्या कचेरीत त्यांनी एकदा साहेबांचं टेबलच वाजवलं. "वरनं सागवान, आत भुसा," असं साहेबांनाच सांगितलं. साहेब हसले म्हणून बरं.

चौकजवळच्या आमच्या गावातून एक पायवाट माथेरानला चढते. मिस्त्रीबाबांचे वडीलही सुतार. ते दर सोमवारी त्या वाटेने वर जात, साहेबांच्या नि शेटजींच्या बंगल्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करत आणि शनिवारी उतरत. उतरताना खांद्यावर मागून घेतलेलं उरलंसुरलं लाकूड असे आणि डोक्यात मापं. त्या मापांच्या निम्म्याने त्यांनी गावात स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला सहा खांब, कौलांखाली कातरकामाची लाकडी झालर. गावाने थट्टेने त्याला 'बंगला' म्हटलं आणि तेच नाव पडलं. घराच्या मानाने पुढचं दार फार मोठं होतं. मी कारण विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "वरच्या बंगल्यांत माझा बाप जन्मभर मागच्या दारानं शिरला. म्हून हितं पुढचं मोठं क्येलं."

माझे वडील रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. रात्रपाळी करून दिवसा झोपत, आणि आमची खोली एकच. त्यामुळे पाचवीपासून बीए होईपर्यंत मी शेजारी मिस्त्रीबाबांच्या व्हरांड्यात बसून अभ्यास केला. त्यांनी मला उतरत्या झाकणाचं डेस्क करून दिलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. या पदवीसाठी मी कॉलेजइतकंच त्या डेस्काचं देणं लागते.

बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. माझ्या वहीत डोकावत, पण वाचत सुतारासारखे. "वरची रेघ म्हंजे आढं. समदी अक्षरं आढ्याला टांगलेली. आन् काना म्हंजे खांब." घाईत माझा काना राहिला की त्यांचं बोट नेमकं तिथे येई. "हितला खांब कुटं गेला गं?"

बाबांना मूलबाळ नव्हतं, आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पदवीधर झाले तोवर आजूबाजूला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी नवे बंगले उठू लागले होते. जागेचे दलाल व्हरांड्यात येऊन बसत. बाबा त्यांना पाणी देत, पोचवायला गाडीपर्यंत जात, गाडीचं दार वाजवून म्हणत, "पत्राच हाय की," आणि परत येत. पण त्यांच्या मनात एकच घोर होता. माझ्यामागं हे कोण बघणार?

कॉलेजात मी शिकले होते की जतन करायचं ते फक्त किल्ले आणि देवळं नव्हेत. एका सुताराने स्वतःसाठी बांधलेलं हे घरही नोंदलं जावं, म्हणून मी सरकारदरबारी अर्ज लिहिला. 'वारसा मूल्य' या रकान्यासाठी दोन पानं जोडली. बाबा रंध्याचं पातं घासत होते, तेव्हा त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते खूश दिसले. एकेक अक्षर मापून घ्यावं तशी त्यांनी सही केली.

आठवड्याने आई चौकच्या बाजारातून तणतणत आली. "मिस्त्री गावभर सांगत सुटलेत, पोरीनं वारस म्हणून नाव लावलं! बाया माझ्या तोंडावर म्हणाल्या, बंगल्यासाठीच तिथं अभ्यासाला बसत होती व्हय."

मी तशीच बंगल्यावर गेले.

"बाबा, मी वारस नाही. मी वारसा लिहिलंय. घराचं मोल, त्याच्या जुन्या कामाचं."

"म्हंजे ती तलाठ्याकडची नोंद न्हवं?"

"नाही."

त्यांनी हातातलं पातं खाली ठेवलं. "मला वाटलं, तूच मागून घेतलंस. म्हनलं, बरं झालं. मला तोंडानं इचारायला लाज वाटत व्हती." मग खांबावर पेर वाजवून हसले. "एका कान्याचा फरक पडला म्हंजे."

मी म्हणाले, "लोक काय काय बोलतात, बाबा."

"बोलतात खरं," ते म्हणाले, आणि पातं घासायला लागले.

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तपासणीला कुणीतरी येईल म्हणून सहाही खांबांना जवसाचं तेल दिलं. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात बसायचे. कुणी आलं नाही. भाद्रपदात दोन दिवसांच्या तापाने बाबा गेले.

पनवेलचा पुतण्या आला. त्याने सगळं नीट केलं, दिवस घातले. त्यानंतर महिन्याभराने अर्जाचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. मालक मयत असल्याचे समजते, तरी वारसाचे संमतीपत्र जोडावे, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल. मी ते पत्र घेऊन पनवेलला गेले. पुतण्याने दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं. "ताई, मला नाही हो जमणार हे सांभाळायला. तुम्हाला काय हवं ते घेऊन जा." माणूस वाईट नव्हता. मी एक खांब मागितला.

जेसीबीला एक दुपार पुरली. झालर आधी पडली, मोठं दार सगळ्यात शेवटी.

तो खांब आता आमच्या घरात कोपऱ्यात उभा आहे, त्याच्यावर काहीच तोललेलं नाही. जवळच डेस्क आहे, डेस्कात ते पत्र. 'वारसाचे संमतीपत्र'. पुढे प्रत्यय लागला की 'वारस'लाही काना येतो. सामान्यरूप म्हणतात त्याला. ते मी सातवीत पाठ केलं होतं, बाबांच्याच व्हरांड्यात बसून.