हळदीचं बोट

कॅमेऱ्याच्या दुकानात माझा वर्गमित्र निखिल वडिलांसोबत लेन्स निवडत होता. "पप्पा, हातात जड लागते का बघा." मी बाजूला उभा राहून जळत होतो. लेन्स मीही घेईन कधीतरी. पण विचारायला घरात असं माणूस कुठून आणू? आमच्यात पहिला पदवीधर मीच. कॅमेराही मी एकट्यानेच वाचून-वाचून निवडलेला.

दसऱ्याला आईने तो वडिलांच्या गवंडीकामाच्या थापीशेजारी पुजला आणि हळदीचं बोट थेट काचेवर टेकवलं. पुसलं, तरी कडेला पिवळं राहिलंच. त्याच लेन्सने मग आईचा फोटो काढला.

निखिल तो बघतच राहिला. "हा पिवळा उजेड कुठल्या सॉफ्टवेअरने आणलास रे?"

मी सांगितलं नाही. जळू दे त्यालाही थोडं.