अढीतली स्ट्रॉबेरी
वाळलेल्या गवताचा वास आला की मला आंब्याच्या आधी स्ट्रॉबेरी आठवते. मी शाळेत असताना केलगेरी गावापलीकडच्या एका शेतात पहिल्यांदाच स्ट्रॉबेरी लागली आणि अप्पा खोकाभर घेऊन आले. मी हात घातला तशी ते कानडीत ओरडले, "तडी, तडी! थांब जरा. देठाजवळ पांढरी आहेत अजून. हापूससारखी अढी लावू." कॉटखाली गवत पसरून त्यांनी एकेक फळ देठ वर करून मांडलं, वर गोणपाट घातलं आणि कुणी उघडून बघायचं नाही म्हणून बजावलं. खोलीभर गोड वास सुटला. "बघा, पिकायला लागली!" अप्पा खुशीत. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी थाटात गोणपाट उचललं, तर गवतावर नुसते हिरवे देठ, ओळीनं मांडलेले. "ही काही पिकत नाहीत, नुसती सडतात," आई शांतपणे म्हणाली. "म्हणून रोज दुपारी खाऊन टाकली. गोड होती हो!" सगळे पोट धरून हसले, अप्पासुद्धा. मला मात्र एकही मिळाली नव्हती. आता खोका मीच आणते. दारातच, चपला न काढता, पोटभर खाते आणि आईच्या वाटणीची कॉटखाली गवतात मांडून ठेवते, तिला दुपारी गुपचूप खायला.