जागा सोडायची नाही

ट्वेंटी-ट्वेंटी नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, पण तिथली काउंटी क्रिकेट टीम मात्र ‘आपली’ झाली होती. मॅचला शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ होते; बोटं वाकडीतिकडी, मांडीवर चहाचा थर्मास. शेवटची जोडी खेळत असताना ते टॉयलेटला जायला उठले. मी घरच्या सवयीने त्यांची बाही धरली.

“प्लीज सर, जागा सोडू नका, विकेट पडेल!”

बिचारे बसले. गुडघे आवळून, घामाघूम होऊन बसले. अखेर चौकार गेला आणि आपण जिंकलो! मी त्यांना कडकडून मिठी मारली.

“या काउंटीकडून पंधरा सीझन ओपनिंग केली,” ते म्हणाले, “पण सगळ्यात अवघड इनिंग आजची.”

आणि थर्मास बॅटसारखा उंचावत ते टॉयलेटकडे धावले.