बासरीकाका आणि पडद्यावरचा आकडा

हृदयविभागात बासरीकाकांना मोठा मान होता. ऑपरेशनच्या धास्तीने ज्यांच्या काळजाचे ठोके ताळ्यावर येत नसत, त्यांच्या उशाशी बसून ते संथ सूर धरायचे. पेशंटचा श्वास लांबायचा, मज्जातंतूंचा ताण सैलावायचा आणि पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा मुकाट्याने खाली यायचा. काकांमुळे निम्मी गोळी वाचते, असं डॉक्टरीणबाई चारचौघांत सांगायच्या आणि काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरी मात्र त्यांच्या बासरीचं कौतुक कधी झालं नाही. का, हे विचारण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

मग त्यांची बायकोच तिथे दाखल झाली. हृदयाची झडप बदलायची होती, पण ठोके असे उधळलेले की भूल देणारे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. औषधांनी हात टेकले, तेव्हा सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका ऐटीत स्टूल ओढून बसले आणि त्यांनी आपली हुकमी धून लावली, तरुणपणापासून घोटलेली.

आकडा चढला. काकांनी लय आणखी संथ केली, तसा तो आणखी चढला. यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली आणि तिने त्यांच्या ओठांवरची बासरी सरळ खाली केली.

तरुणपणी काका सरावाला बसले की खोलीला आतून कडी असायची. घर पेटलं तरी दार ठोठावायचं नाही, हा त्यांचा दंडक. एका दुपारी तान्ह्या मुलीला तापात झटके आले, तेव्हा बायकोने तो मोडला. दार उघडलं ते धून संपल्यावर. तोवर मुलगी गेली होती. आपल्याला काही ऐकूच आलं नाही, असं काका तेव्हा म्हणाले आणि पुढे जन्मभर तेच धरून बसले. कलावंताचा असला बहिरेपणा लोक खपवूनही घेतात.

सिस्टर बाहेर गेल्यावर बायकोने डोळे उघडले.

"त्या दिवशी हीच धून वाजवत होता ना तुम्ही?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"खरं सांगा. ऐकू आलं होतं?"

खोटं बोलायला आता फारसा वेळ उरला नव्हता. "आलं होतं," काका म्हणाले. "शेवटचा तुकडाच राहिला होता."

"मला आपलं इतकी वर्षं वाटायचं," ती म्हणाली, "मीच हळू ठोठावलं."