नंबर चालू हाय न्हवं?

संगणकाने बरोबर ठरवलेली एकही गोष्ट स्वतः जाऊन बघितल्याशिवाय खरी न मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. आष्ट्याला त्यांचं घर, आणि तिथल्याच पंचक्रोशीत दाजींनी जन्मभर टपाल वाटलं. निवृत्तीनंतर माणसं शेतात रमतात, भजनात रमतात. दाजी शहरात, विश्रामबागेत, आपल्या मुलीच्या कचेरीत जाऊन बसू लागले. माझी ही भाची लोकांना वेबसाइट करून देते. कॉलेजांचे प्रवेश, मंडळांची नावनोंदणी असले फॉर्म त्यांवर असतात. भरणाऱ्याने फोन नंबर चुकवला की चौकट लाल होते, नाही चुकवला तर शेजारी हिरवी खूण उमटते. या हिरव्या खुणेशी दाजींचं पहिल्याच दिवशी वाजलं. ती कशी उमटते, असं त्यांनी पोरीला विचारलं. आकडे दहा आहेत का ते यंत्र मोजतं, असं तिने सांगितलं. दाजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "दहा आकडं भरलं म्हंजे माणूस गावला व्हय गं? त्यो उंबऱ्यात उभा हाय का, ते कोण बघणार?"

ते बघण्याचं काम मग कुणी न देता त्यांनी घेतलं. त्यांची पद्धत साधी होती. नंबर असेल तर वाजवून बघायचा, पत्ता असेल तर दारात जाऊन पूर्ण नावाने हाक मारायची, आणि ईमेल असेल तर त्यावर 'पोचलं का?' एवढंच लिहून पाठवायचं व लगेच फोन करून, पोचलं का, असं विचारायचं. ज्याला फोन लागतो त्याला ईमेल कशाला पाठवायचं, हा भाचीचा प्रश्न त्यांना अडाणीपणाचा वाटे. खात्री झालेली नावं ते एका वहीत उतरवत, तीही पेन्सिलीने. माणसाचा पत्ता शाईने लिहू नये, असं त्यांचं मत होतं. माणूस हलतो, शाई हलत नाही.

घरातलं कार्यही या तपासणीतून सुटत नसे. चुलत पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचा नंबर मागून घेतला आणि खरा आहे का म्हणून मंगलाष्टकं चालू असतानाच वाजवला. फोन करवलीच्या पर्समध्ये होता. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंची माणसं वळून बघू लागली, भटजी एका ओळीवर थांबले, आणि मागच्या रांगेतून दाजी समाधानाने म्हणाले, "लागला. चालू द्या तुमचं."

त्यांची खरी कीर्ती झाली ती माधवनगरच्या प्रकरणात. तिथल्या एका गृहस्थांनी कुठल्याशा व्याख्यानमालेच्या नोंदणीत नंबर म्हणून दहा वेळा नऊ दाबले होते आणि नावाच्या चौकटीत अबक असं लिहिलं होतं. यंत्राने दोन्हींपुढे हिरवी खूण केली. पत्ता मात्र, बहुधा सवयीने, त्यांनी खरा दिला होता. दाजी स्कूटर काढून तिथे गेले आणि भर गल्लीत उभे राहून, टपाल आल्यासारखे ओरडले, "अबक, घरात हाईत का?" तिसऱ्या हाकेला गृहस्थ बाहेर आले. त्यांनी निमूटपणे खरा नंबर दिला, चहाही दिला. पुढे त्या गल्लीत त्यांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारली नाही.

यावर आम्ही पुष्कळ हसलो. कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी केली. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक परत जागी आणण्यापलीकडे माझ्या हातून काही धाडस झालं नाही, त्यामुळे दाजींचा हा उपद्व्याप मला थोडा वेडेपणाचाच वाटे. तो वेडेपणा नव्हता, हे मला आरतीच्या फॉर्ममुळे कळलं.

आरती बिरा कोळेकर ही जतकडची मुलगी. घरी मेंढरं. तिने नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला होता आणि तिचं नाव यादीत लागलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिने वेबसाइटवर होकार भरायचा होता. न भरल्यास जागा पुढच्या मुलीला. होकारासाठी लागणारा ओटीपी नोंदवलेल्या नंबरवरच जाणार होता. नंबरापुढे हिरवी खूण होती. दाजींनी सोमवारी तो वाजवला, मंगळवारी वाजवला, बुधवारी दिवसभर वाजवला. फोन बंद. भाची म्हणाली, "पप्पा, फॉर्म बरोबर आहे. आता तिचं नशीब." दाजींनी फॉर्मवरचा पत्ता उतरवून घेतला. गुरुवारी सकाळी ते जतच्या एसटीत बसले.

गावात घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की दिवाळी झाली, मेंढरं चरायला उसाच्या मुलखात गेली, बिराही गेला, पोरगीही आईच्या हाताखाली गेली. आणि फोन? दाजींनी विचारलं. फोनही मेंढरांबरोबरच गेला, घरात एकच तर आहे. कुठल्या गावाला, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "आष्ट्याच्या अंगाला बसल्यात म्हनं."

म्हणजे दाजींनी ज्या मुलीसाठी दिवसभर एसटीत धक्के खाल्ले, ती त्यांच्याच घरामागे कोसभरावर होती. हे आम्हाला सांगताना ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. शुक्रवारी उजाडल्यापासून ते बांधाबांधाने फिरले. जिथे रानात मेंढरं बसलेली दिसतील तिथे उभं राहून, फॉर्ममध्ये होतं तसं तिचं तिहेरी नाव घेऊन हाक मारत. चौथ्या रानात एक मुलगी कोकरू काखेत घेऊन उठली. तिचा बाप आधी पुढे आला.

"आवं, काय केलं पोरीनं?"

"केलं न्हाई अजून. आज करायचं हाय," दाजी म्हणाले. "फोन कुठाय?"

बिराने पटक्यातून फोन काढला. चार दिवसांपूर्वी बॅटरी संपली होती. रानात वीज कुठली, आणि आपल्याला कोण फोन करतंय, म्हणून त्याने तो तसाच खोचून ठेवला होता. बाप, लेक आणि सोडायला तयार नसलेलं ते कोकरू अशी वरात दाजींनी घरी आणली. आक्काने, म्हणजे माझ्या बहिणीने, चहा टाकला. फोन चार्जिंगला लागला, जिवंत झाला, आणि दाजींचे बुधवारपर्यंतचे सगळे न लागलेले फोन एकदम निरोप होऊन आले. वेबसाइटवर मागवलेला ओटीपी त्यांच्या शेवटी आला. दुपारी तीन वाजता आरतीचा होकार गेला.

मात्र वेबसाइटने आणखी एक चौकट पुढे केली: पर्यायी संपर्क क्रमांक. बिराकडे पर्याय नव्हता. दाजींनी क्षणभरही विचार न करता माझा नंबर घातला आणि मग मला फोन केला. "पावणं, तुमाला एक लेक झाली. तुमी कुटं जात न्हाई, पुस्तक घिऊन बसल्याला असता. तुमच्यासारका पक्का पत्ता जिल्ह्यात न्हाई."

माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं मला आठवत नाही. त्यानंतर मात्र मेंढरांमागे फिरणाऱ्या जेवढ्या घरांचे फॉर्म आले, त्या सगळ्यांत पर्यायी म्हणून मीच होतो. सकाळी वाचत बसावं तर कुठल्यातरी वसतिगृहाच्या बाई मला विचारत, तुमची मुलगी पांघरूण घेऊन आली नाही, कधी पाठवताय?

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी नऊ वाजता दाजी वहीतले सगळे नंबर पुन्हा वाजवत. माझा पहिला. "चालू हाय न्हवं? बरं, ठेवतो." एवढंच. कधी मी काही सांगायला तोंड उघडावं, तर फोन बंद झालेला असे. याची मला चीड येई. एकदा मी आक्काकडे तक्रारही केली. ती म्हणाली, "त्यांना तू हायस एवढंच पायजे असतं रं."

अशी चार-पाच वर्षं गेली, आणि एका पावसाळ्याच्या शेवटी दाजी गेले. शेवटचे दहा दिवस ते ज्या दवाखान्यात होते तिथे आरती नर्स होती. सलाईन लावण्याआधी ती मनगटावरच्या पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचून दाखवी, आणि दाजी मान हलवत, बरोबर म्हणून.

पुढची एक तारीख आली. नऊ वाजता मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि वाचत नव्हतो. तेवढ्यात फोन वाजला. आवाज आरतीचा होता. आक्काने दाजींची वही तिला दिली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

"मामा, नंबर चालू हाय न्हवं?" ती म्हणाली. "बरं, ठेवते."

मी म्हणालो, "चालू आहे. पण ठेवू नकोस, बाळ. जरा बोल."