नेलपॉलिशची खूण

"आधी वास घ्या." गाडीतला वूफर बिघडला म्हणून कुणी आलं की मामांचं पहिलं वाक्य हेच. खरबूज हुंगावं तसा वूफर स्वतः हुंगायचे, मग मालकाच्या नाकापुढं धरायचे. "जळकाट येतोय का न्हाई? ह्यो बिघडला न्हाई, तुमी जाळलाय."

"मामा, कंपनीच खराब हो!" मांडवगणचा एक गाडीवाला म्हणाला.

"कंपनी लांब हाय. हात तुमचाच."

शिरूरच्या हमरस्त्यावर त्यांचं गाड्यांच्या स्पीकर-वूफरचं दुकान होतं; सगळा तालुका त्यांना मामाच म्हणायचा. मी तिथं पहिल्यांदा भांडायला गेलो. गाड्यांतल्या दणदणाटाविरुद्ध आम्ही पत्रकं वाटत होतो. 'कानठळ्या बसवणाऱ्यांचा जाहीर निषेध!!!' तीन उद्गारचिन्हं माझीच. माझ्या मते हा माणूस त्या पापाचा भागीदार होता, आणि मी तसं तोंडावर म्हणालो.

मामांनी पत्रक वाचलं. "पुढारी, निषेध लई हाय ह्यात. हात कुठं थांबवायचा, ते लिवलंच न्हाई."

मग त्यांनीच सांगितलं. लहान ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, ताकदीबाहेर पिळला की त्यातनं आवाज निघत नाही, ताप निघतो, आणि त्या तापानं वूफरची कॉइल जळते. बेस बूस्ट शून्यावर ठेवायचा. वायर जाड, अर्थिंग पक्कं. गेनचं, म्हणजे ॲम्पच्या जोराचं, बटण हळूहळू वाढवायचं आणि आवाज फाटायला लागला की थोडं मागं घ्यायचं. तिथं ते ॲम्पवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. "ह्याच्या म्होरं जायचं न्हाई." मामींची नखं कोरी आणि तालुक्यातले ॲम्प लाल, अशी थट्टा चालायची.

ठिपक्यापाशी थांबणारे थोडेच. बाकीचे महिन्याभरात जळका वूफर घेऊन परत. मामा पुन्हा हुंगायचे, पुन्हा तेच सांगायचे. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. माझा तर रोज चढायचा, आणि ऐकत मात्र आमचं दोघांचंही कुणी नव्हतं.

भांडायला म्हणून मी तिथं जातच राहिलो, पण त्यांचा डावा कान गेल्याचं मला उशिरा कळलं. मी तावातावानं बोलत होतो आणि ते मान वळवून उजवा कान पुढं करत होते. मला वाटायचं, ऐकून घेण्याची रीत असेल.

एका दुपारी म्हणाले, "पुढारी, जरा कान दे तुझं."

उजवा कानही बसत चालला होता. वूफरवर तळवा ठेवला की दणका कळायचा, पण फाट कळत नव्हती. फाट नेमकी कळली नाही तर ठिपका चुकणार. म्हणून ते बटण फिरवायचे आणि मी ऐकायचो. आवाज चरचरला की मी "थांबा!" ओरडायचो. ज्या आवाजाविरुद्ध पत्रकं छापली, त्याच्यापुढं मी कान देऊन उभा राहायचो. पत्रकं वाटणारे आमचे कार्यकर्ते हसले. हसू दे म्हटलं.

मी केंदूरला पत्रकं वाटायला गेलो होतो, त्या दिवशी दौंडचा एक जीपवाला आला. घाईत होता. मामांनी नुसत्या तळव्यावर गेन लावला, ठिपका दिला.

आठवड्यात तो परत आला. भरल्या दुकानात त्यानं वूफर टेबलावर आपटला. "मामा, तुमच्या खुणेम्होरं केसभर गेलो न्हाई! तरी जळला!"

मी मध्ये पडलो. "सगळे असंच म्हणतात."

"पुढारी, गप."

मामांनी वूफर हुंगला. मग जीपमध्ये वाकून ॲम्पचं बटण पाहिलं. ते बरोब्बर ठिपक्यावर होतं. नखानं त्यांनी तो ठिपका खरवडून काढला. सगळा निघेपर्यंत खरवडत राहिले.

"ह्येची काय चूक न्हाई. मीच चुकलो. मला ऐकू येत न्हाई."

त्याच्या गाडीत त्यांनी नवा वूफर बसवून दिला. गेन लावताना मला बोलावलं नाही. जीपवाल्यालाच म्हणाले, "तुजं कान हायत, तूच थांबव." ठिपका दिला नाही.

पुढच्या आठवड्यापासून दुकान बंद. मामा मामींना घेऊन लेकीकडं गेले. फोन केला की मामीच बोलतात.

परवा तिथून गेलो. पहिल्या भांडणाच्या दिवशी मी शटरवर लावलेलं पत्रक अजून चिकटलेलं आहे, उद्गारचिन्हांसकट. मागून एक गाडी दणाणत आली आणि शटर थरथरायला लागलं. मी त्यावर तळवा टेकवला. दणका कळत होता. आवाज फाटलेला होता, चांगलाच.

"थांबा!" मी ओरडलो.

गाडी पुढं निघून गेली.