चौकड्यांचे लुगडे आणि कोपऱ्यातला माग

तुमच्या नव्या घराचा फोटो पोचला. बैठकीची खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते, पण कडेला बसलेल्या तुमच्या वडिलांचा चेहरा दुप्पट रुंद आला आहे. कॅमेरा बिघडला का, असे तुम्ही विचारले आहे. बिघडलेला नाही. हे मला अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे. ते कसे, हे क्रमाने लिहिते.

सोलापुरात नवी पेठेत माझ्या वडिलांचे फोटोचे दुकान होते, आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहत होतो. ओळखीचे एक विणकर होते, घरी तेलुगू बोलणारे. मी त्यांना मामा म्हणे. त्यांच्या कारखान्यात बारा हातमाग होते आणि बाराही माग त्यांना एकाच फोटोत हवे होते. खोली बुटकी आणि अडचणीची. वडील दाराला पाठ लावून उभे राहिले तरी कॅमेऱ्यात सातच माग मावत.

"जमत नसंल तर तसं सांगा की, अण्णा," मामा म्हणाले. "पुण्याचा फोटोवाला यायला तयार हाय."

वडिलांना हे लागले. त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स आठ दिवसांच्या बोलीवर मागवली. पसंत पडली नाही, तर आठव्या दिवशीच्या टपालाने परत.

लेन्स जेमतेम लिंबाएवढी होती. सोबत इंग्रजी पत्रक होते. मी इंग्रजी शाळेत जात असल्यामुळे ते वाचून दाखवणे आणि परीक्षेची टिपणे लिहिणे माझ्याकडे आले. चित्र कोपऱ्यापर्यंत रेखीव येते का, कोपरे काळवंडतात का, आणि सरळ रेषा सरळ राहतात का, एवढे पाहायचे होते. त्यासाठी वडिलांनी आईचे चौकड्यांचे नवे लुगडे मागितले.

"लुगड्याला खिळा लागता कामा नये," आई म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एक फोटो नाही. लुगड्याचं नशीब बघा!"

म्हणून भिंतीतल्या दोन खिळ्यांना दोरी बांधून लुगडे त्या दोरीवर टाकले. लेन्सचे छिद्र मोठे ठेवले तेव्हा कोपरे अंधुक आणि काळे आले. सर्वांत बारीक छिद्र ठेवले तेव्हा कोपऱ्यातली चौकडीही भिंगाखाली मोजता आली. थोडा काळेपणा उरला, तो छापताना सावरता येईल असे वडील म्हणाले. पण चौकड्यांची प्रत्येक आडवी रेघ मध्ये वाकली होती. मी वहीत लिहिले : 'रेषा वाकतात. नापास.' तो सहावा दिवस होता. वडिलांनी परत पाठवण्यासाठी लेन्सचा खोका खाली काढला.

संध्याकाळी मामा विचारायला आले. वडिलांनी फोटो त्यांच्या हातात दिला. मामांनी बंडीच्या खिशातून सुताचा धागा काढून फोटोवर ताणून धरला. मग भिंतीपाशी गेले आणि धाग्याचे एक टोक मला लुगड्याच्या काठाच्या कोपऱ्यावर धरायला लावले. दुसरे त्यांनी धरले. मधोमध धागा आणि काठ यांच्यात दोन बोटे फट होती.

"काच न्हाई वाकडी, अण्णा. दोरी झोळलीया. कापड आपलं लोंबतंय आन् शिव्या काचंला?"

खराब लेन्स वरच्या आणि खालच्या रेघा उलटसुलट दिशांना वाकवते, हे पत्रकात होते. इथे सगळ्या खालीच झुकल्या होत्या. ते वाक्य मीच वाचून दाखवले होते, पण त्यावर कोणी विचार केला नव्हता.

"खिळा नको म्हटलं म्हणून झालं, असं कोणी म्हणू नका," आई आतून म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी लुगडे मामांच्या अंगणात नेले. तिथे खळ लावण्यासाठी सूत ताणून बांधायचे खांब होते. "निघालं गल्लीत मिरवायला," असे म्हणून आईनेच ते काढून दिले. मामांनी एक टोक स्वतः ओढून धरले. वडिलांनी लेन्सवरची टोपी काढली, मी आकडे मोजले. या वेळी रेघा धाग्यासारख्या सरळ आल्या. मात्र टोकाला उभ्या मामांचे डोके आडव्या कलिंगडासारखे आले होते. वडिलांनी मला पत्रक पुन्हा वाचायला सांगितले. एवढे रुंद दृश्य कॅमेऱ्यातल्या सपाट काचेवर घेताना समोरचे सपाट कापड जसेच्या तसे येते, पण कडेची गोल वस्तू ताणली जाते. हा लेन्सचा दोष नव्हे. माणसे मध्ये ठेवावीत.

आठव्या दिवशी सकाळी कारखान्यात वडिलांनी मामांना तो फोटो दाखवला आणि खोलीच्या मधोमध उभे राहायला सांगितले.

"मधला माग माझा न्हाई. माझा त्यो कोपऱ्यातला. बापाचा हाय."

"चेहरा बिघडेल, मामा," वडील म्हणाले.

"बिघडू द्या की. म्हातारपणी बिघडणारच हाय."

ते कोपऱ्यातल्या मागापाशीच उभे राहिले. दुपारी फोटो छापून वाळला, तेव्हा लेन्सचा खोका टेबलावर उघडाच होता आणि टपाल निघायला तासभर राहिला होता. मामांनी आधी माग मोजले. बारा भरले. कडेचे दोन माग लांबट दिसत होते. मग त्यांनी धागा काढून एकेका मागाच्या तुळईवर धरला, सगळ्यांत शेवटी आपल्या मागावर.

"सरळ हाय," ते म्हणाले. मग त्याच्याशेजारच्या रुंद माणसाकडे बघून हसले. "ह्यो कोण खादाड उभा केलाय माज्या मागाजवळ?"

वडिलांनी लेन्स ठेवून घेतली. मी वहीतला 'नापास' खोडला. आईचा फोटो त्याच आठवड्यात निघाला, जुन्या लेन्सने, त्याच लुगड्यात.